नाव, वडिलांचे नाव आणि गाव

या वर्षी बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या रविवारी मिस्सा आटोपून मी चर्चच्या पायऱ्या उतरत होते. तोच आमच्या वाड्यावरील एक माउली आपल्या मुलीचा हात धरून माझ्यापुढे उभी राहिली. मुलगी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती आणि क्ष-किरण तंत्रज्ञ होण्याचा तिचा मानस होता. आईचे मन मात्र धजत नव्हते. “बाई, ते किरण अंगात शिरतात म्हणे. उद्या हिचे लग्न व्हायचे, मुलेबाळे व्हायची. तुम्ही उभा जन्म या कामात काढलात, खरे काय ते तुम्हीच सांगा.” पायरीवर उभ्याउभ्या जे सांगता आले नाही ते येथे लिहीत आहे, कारण अशा माता गावोगावी असतील.

प्रथम भीतीविषयी. ती अगदीच निराधार नाही. जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांना या किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताची छाया टिपली. तीत हाडे दिसली आणि बोटातील अंगठीही दिसली. हा शोध सर्वांच्या उपयोगी पडावा म्हणून त्यांनी त्याचे पेटंटसुद्धा घेतले नाही. परंतु हे अदृश्य किरण अपायही करतात, याची त्या पहिल्या पिढीला कल्पना नव्हती. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी कित्येक जण आपलाच हात किरणांपुढे धरीत. एडिसन यांचे सहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचे हात असेच जळाले, ते कापावे लागले आणि १९०४ साली त्यांचा अंत झाला. अशा कामात प्राण गमावलेल्या १६९ जणांची नावे १९३६ साली हँबर्ग येथे उभारलेल्या स्मारकावर कोरण्यात आली.

आजचे नियम या माणसांच्या दुःखातून जन्मास आले आहेत. तंत्रज्ञ शिशाच्या आडोशामागे राहूनच बटण दाबतो. रुग्णाजवळ थांबणे भागच पडले, तर अंगावर शिशाचा एप्रन चढवतो. छातीवर लावलेला एक लहानसा बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो आणि अंगावर किती किरण पडले याची नोंद होते. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसिव्हर्ट इतकी आहे. नियम पाळणाऱ्या तंत्रज्ञाची नोंद साध्या क्ष-किरण विभागात या मर्यादेच्या पुष्कळच खाली राहते. स्त्रीने गरोदरपणाची वार्ता वेळीच वरिष्ठांना कळवावी, म्हणजे पोटातील बाळाच्या दृष्टीने तिचे काम आखून देता येते. तेव्हा त्या माउलीला माझे उत्तर असे, की किरणांना भ्यावे, पण कामाला भिऊ नये. अमेरिकेत १९२२ साली या व्यवसायाची परीक्षा देऊन नोंदणी मिळवणारी पहिली व्यक्ती सिस्टर मेरी बिएट्रिस मेरिगन ही एक धर्मभगिनी होती, हेही आपल्या मुलींनी ध्यानात ठेवावे.

शिक्षणाची वाट सरळ आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन बारावी व्हावे. पुढे बहुधा दोन वर्षांची पदविका किंवा तीन-चार वर्षांची पदवी घ्यावी. मात्र संस्था मान्यताप्राप्त आहे, याची खात्री करूनच पैसे भरावेत. शरीररचना, किरणांचे शास्त्र आणि रुग्णाला योग्य स्थितीत उभे करण्याची वा निजवण्याची विद्या तेथे शिकवतात. पुढे सीटी, एमआरआय अशी निरनिराळी दालने उघडतात. त्यांपैकी एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच, ते काम चुंबकाच्या बळावर चालते. चित्राचा अर्थ लावणारे डॉक्टर निराळे असतात. आपण ते चित्र खरे उमटवायचे.

‘खरे’ हा शब्द मी सहज लिहिलेला नाही. त्याची किंमत मला पहिल्याच वर्षी कळली.

१९९१ साल होते. पदविका घेऊन मी एका लहानशा रुग्णालयात लागले होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि माझ्या शिक्षणासाठी वडिलांनी भाताचे एक शेत गहाण टाकले होते. एके सकाळी बाहेरच्या बाकावर बरीच गर्दी होती. मी हातातील चिठ्ठीवरचे नाव पुकारले. एक वयस्क गृहस्थ उठून आत आले. मी त्यांना पेटीला छाती टेकवून उभे केले, खांदे पुढे घ्यावयास सांगितले, “दीर्घ श्वास घ्या, धरून ठेवा,” म्हटले आणि बटण दाबले. ते वळले तेव्हा दिसले, की त्यांच्या गळ्यातील सुतात सेंट फ्रान्सिस झेवियरचे पदक तसेच राहिले आहे. धातूची वस्तू आधी काढून ठेवावयाची असते, हा अगदी पहिला धडा. पण फिल्म महाग होती. पुन्हा काढावी तर वरिष्ठांना सांगावे लागले असते. एवढ्याशा छायेने काय बिघडते, असे मनाशी म्हणून मी गप्प राहिले.

दुपारी त्याच नावाचे गृहस्थ डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले. त्यांच्या फिल्मवर फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग होता. क्षयाचा संशय होता आणि थुंकी तपासावयाची होती. त्यांची पत्नी पदराने डोळे पुशीत होती. मी सहज त्यांच्याकडे पाहिले आणि माझ्या पोटात धस्स झाले. हे सकाळचे गृहस्थ नव्हते! “काका, आपल्या गळ्यात पदक असते काय?” मी विचारले. “नाही बाई. खिशात जपमाळ असते तेवढीच.” मी धावत जाऊन फिल्म उजेडासमोर धरली. डागाच्या खाली, छातीच्या मध्यभागी, त्या पदकाची पांढरी छाया स्वच्छ दिसत होती.

एकाच नावाआडनावाचे दोघे त्या दिवशी बाकावर बसले होते. आपल्या गावांत यात नवल ते काय! संतांची नावे मोजकी आणि आडनावेही ठरलेली. मी नाव तेवढे पुकारले. वडिलांचे नाव आणि गाव विचारले नाही. त्यामुळे निरोगी माणूस रडत बसला होता, आणि ज्याला रोग होता तो “काही नाही” हे ऐकून आनंदाने घरी, नातवंडांमध्ये निघून गेला होता.

डार्करूमच्या दाराशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. डोळ्यांपुढे गहाण पडलेले शेत होते. मी बोलले नसते, तर कदाचित कोणालाही कळले नसते. पण कुमसाराच्या जाळीआड जे सांगावे लागणार, ते आधी डॉक्टरांनाच सांगितले पाहिजे, असे वाटले आणि मी आत गेले. दोन्ही चुका सांगितल्या, लपवलेलीसुद्धा. डॉक्टर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधी त्या माणसाला परत आणा.”

त्यांच्या आडगावी दूरध्वनी नव्हता. तेथील फादरांना चिठ्ठी धाडली. त्यांनी एका मुलाला सायकलवरून पाठवले. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. पेटीपुढे उभे राहण्याआधी त्यांनी आपण होऊन पदक काढले, माझ्या तळहातावर ठेवले आणि हसून म्हणाले, “पोरी, आज विसरू नको हो.” थुंकीच्या तपासणीत क्षय निश्चित झाला. घरातील सर्वांची तपासणी झाली, औषधे पूर्ण झाली आणि ते बरे झाले. त्या फिल्मांचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले, आणि ते योग्यच झाले. नोकरी मात्र राहिली. शेत सुटावयास आणखी चार वर्षे लागली.

आता डार्करूम गेल्या. चित्र क्षणात पडद्यावर उमटते, यंत्रे दरसाल बदलतात. पण चित्र कोणाचे, हे यंत्राला कळत नाही. ते विचारावयास माणूस लागतो. सुवार्तेतील उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी ओळखतो. आपल्याला तेवढे ज्ञान नाही, म्हणून आपण नाव, वडिलांचे नाव आणि गाव, तिन्ही विचारावीत.

त्या मुलीने खुशाल या वाटेने जावे. बिल्ला छातीवर लावावा, शिशाच्या आडोशाला राहावे, आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगून मोकळे व्हावे. तिच्या आईला मी एवढेच म्हणेन, की किरणांपासून जपण्याचे नियम तिला शाळेत शिकवतील. खरे बोलण्याची सवय मात्र तिने तुमच्या घरूनच न्यावयाची आहे.