लांकडी बाहुला आणि काकूंचा गुडघा

आमच्या लिहिण्याच्या मेजावर फूटभर उंचीचा एक लांकडी बाहुला उभा असतो. त्यास नाक नाहीं, डोळे नाहींत. पण मान, खांदे, कोपरें, कंबर, गुडघे एवढे सांधे मात्र फिरते आहेत. हात वर करून ठेवावा, तर चार दिवसांनींही तो तसाच वर! चित्रकलेचा नाद लागला, तेव्हां आम्हीं तो मोठ्या हौसेनें विकत आणला.

या बाहुल्याचें कुळ जुनें आहे. फ्लॉरेन्सचा चित्रकार फ्रा बार्तोलोमेओ (१४७२–१५१७) यानें माणसाएवढ्या उंचीचा, सांध्यांत वांकणारा लांकडी पुतळा करवून घेतला होता. तो किडींनीं पोखरलेला असतांही आपण त्याची आठवण म्हणून जपला आहे, असें चरित्रकार वाझारी लिहितो. कारण उघड आहे. जिवंत मनुष्य दमतो, हलतो. आणि तो हलला कीं वस्त्राच्या चुण्याही मोडतात. लांकडास कंटाळा नाहीं. मिले या इंग्रज चित्रकाराच्या १८६० सालच्या ‘ब्लॅक ब्रन्स्विकर’ या चित्रांत युद्धास निघालेला सैनिक व त्यास अडविणारी तरुणी अगदीं निकट उभीं आहेत. तरुणीसाठीं कादंबरीकार डिकन्सची कन्या केट उभी राहिली. पण ती व सैनिक निरनिराळ्या वेळीं आले. प्रत्येकासमोर होता तो लांकडी पुतळाच!

हें वाचून आम्हांस धीर आला. काकूंचें चित्र काढावयाचें मनांत होतें. पण स्वयंपाकघर सोडून त्या घटकाभरही बसावयाच्या नाहींत. तेव्हां त्यांच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बाहुल्यास गुंडाळला. मांडी घालणें कांहीं त्यास साधेना. म्हणून आगपेटीवर बसवून त्याचा एक गुडघा उभा केला, आणि आठ दिवस खपून चित्र पुरें केलें. चुणी न् चुणी हुबेहूब उतरली. घरांत सर्वांनीं वाखाणणी केली.

काकूंनीं चष्मा लावून चित्र पाहिलें. मग हंसून त्या म्हणाल्या, “लुगडं माझंच रे, पण बसलीय् कोण? माझा हा डावा गुडघा वांकत नाहीं, त्याला सहा वर्षं झालीं.”

आम्ही गप्प झालों. डावा पाय लांब पसरून भाजी चिरीत बसलेल्या काकूंस आम्ही रोज सकाळीं पाहत होतों. तो पाय तसा कां, हें घरांतल्या बारा माणसांपैकीं एकानेंही कधीं विचारलें नव्हतें. बाहुल्यास डोळे नाहींत, हें वर लिहिलेंच आहे. आम्हांस दोन आहेत.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं भाजीची टोपली आपल्याकडे ओढली, काकूंस भिंतीशीं टेकवून बसविलें व डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस ठरविला. मग पेन्सिल हातीं घेतली. त्या दर दोन मिनिटांनीं हलत होत्या. चुण्या साऱ्या बिघडल्या आहेत. पण या खेपेस बसलेली बाई आपणच, असें काकू म्हणतात.