घरच्या अंगणात घडलेली शंभर सीसीची रेसर

लहान इंजिनाच्या जुन्या मोटारसायकलीला १९६० च्या दशकातील शर्यतीच्या गाडीचे रूप देण्याचा छंद महाराष्ट्रात अलीकडे बराच फोफावला असला, तरी त्यातील पुष्कळसे काम तपकिरी सीट, गोल हेडलाइट आणि नवा रंग यांच्यापुढे जात नाही. वास्तविक रेसर, म्हणजे केवळ शर्यतीसाठी बांधलेली गाडी, ही दिसण्यावरून नव्हे तर ती चालकाला कशी बसवते यावरून ओळखली पाहिजे, आणि पुण्यातील घराच्या अंगणात एका हिरो होंडा सीडी १०० चे रूपांतर करताना प्रस्तुत लेखकाचे हे मत अधिकाधिक पक्के होत गेले.

सीडी १०० ची निवड विचारपूर्वक केलेली होती. १९८५ मध्ये भारतात आलेल्या या गाडीचे ९७.२ सीसीचे, एका सिलिंडरचे इंजिन जवळजवळ आडवे बसवलेले असून त्याच्या झडपा उघडणारा कॅमशाफ्ट सिलिंडरच्या माथ्यावर असतो. होंडा कंपनी १९५९ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरील टीटी शर्यतीत १२५ सीसी गटात प्रथम उतरली, त्या वर्षी तिच्या चालकाने सहावा क्रमांक आणि कंपनीने सांघिक पारितोषिक मिळवले, आणि १९६१ मध्ये माइक हेलवुड याने तिच्याच गाड्यांवर १२५ व २५० सीसी हे दोन्ही गट जिंकले. पुढच्याच वर्षी कंपनीने सीआर ११० आणि सीआर ९३ या ५० व १२५ सीसीच्या शर्यती गाड्या ग्राहकांना विकायला काढल्या. सीडी १०० चे साधे, कमी पेट्रोल पिणारे इंजिन त्या गाड्यांच्या तोडीचे मुळीच नाही. परंतु घराणे एक आहे, आणि त्यामुळे तिच्यावर चढवलेले हे रूप उसने वाटत नाही.

जेमतेम सात-साडेसात अश्वशक्तीच्या इंजिनाकडून वेग काढायचा म्हणजे प्रथम हवेशी हिशेब करावा लागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात, त्यामुळे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढवावी लागते. इतकी वाढ या इंजिनातून काढणे म्हणजे त्याचे आयुष्य पणाला लावणे होय. उलट चालकाने हनुवटी टाकीला आणि कोपरे गुडघ्यांना भिडवली, की हवेला सामोरा जाणारा देहाचा भाग इंजिनाला हात न लावता कमी होतो. म्हणून हँडल, सीट आणि पायटे या तीन बिंदूंचा त्रिकोण हाच अशा रूपांतराचा गाभा मानला पाहिजे.

हा त्रिकोण बदलण्यासाठी मूळचे उंच, एकसंध हँडल काढून त्याऐवजी क्लिप-ऑन, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्यांना स्वतंत्रपणे आवळलेल्या दोन आखूड दांड्या बसवल्या जातात. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या पकडी नळीच्या मापात लेथवर बोअर करून घ्याव्या लागतात, कारण त्या सैल राहिल्या तर ब्रेक दाबताना हातातच फिरतात. पायटे मागे नेण्यासाठी चेसिस कापण्याची चाल सर्रास दिसते, पण प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. मूळच्या बोल्टांवरच जाड पट्ट्या आवळून हे काम भागते. पायटे मागे गेले की गियरची पट्टीही तिच्या दातेरी शाफ्टवर उलटी, तोंड मागे करून बसवावी लागते, आणि मग पुढे दाबून चढणारे चारही गियर पायाच्या बोटांनी वर उचलून टाकावे लागतात, ज्याची सवय व्हायला वेळ लागतो.

टाकीचा प्रश्न या बैठकीतूनच निर्माण होतो. खाली आलेले हँडल पूर्ण वळवले की चालकाची बोटे टाकीवर आपटतात, म्हणून जुन्या रेसरच्या लांबट टाक्यांना दोन्ही बाजूंनी खोलगट जागा ठेवलेल्या असत; त्या केवळ शोभेच्या नव्हत्या. अशी टाकी ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून हाताने घडवण्यात या कामाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत आनंदाचा भाग खर्ची पडला. वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकत गेले की तो वाकतो, पण ठोकता ठोकता कडकही होत जातो आणि वेळीच मऊ केला नाही तर फाटतो. तांबे तापून लाल झाले की कारागिराला ते डोळ्यांनी कळते; ॲल्युमिनियम मात्र लाल होण्याआधीच, ६६० अंश सेल्सियसला, वितळून जाते. यावरचा जुना उपाय असा, की पत्र्यावर कपड्याचा साबण घासायचा आणि गॅसच्या ज्योतीने मागून शेक द्यायचा: साबण आधी पिवळसर, मग तपकिरी होतो आणि काळपट झाला की ज्योत हटवायची, कारण पत्रा तेवढ्यात मऊ झालेला असतो. शेवटी गुळगुळीत ऐरणीवर हलके, एकसारखे ठोके घालून पृष्ठभाग घट्ट केला जातो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत बंब आणि घंगाळी घडवणारे कारागीर याच क्रियेला मठारकाम म्हणतात, आणि त्यांचे काम जवळून पाहिल्याशिवाय ठोक्यातील अंतर राखणे प्रस्तुत लेखकाला साधले नसते. टाकीवर पुटी आणि रंग न चढवता हे ठोके उघडे ठेवले आहेत.

इंजिनात बदल थोडेच केले. हवेची मूळ पेटी काढून कार्बोरेटरला उघडे तोंड दिले की हवा जास्त जाते आणि मिश्रण पातळ होते, म्हणून पेट्रोलचा मुख्य जेट मोठ्या भोकाचा घ्यावा लागतो. तो योग्य आहे की नाही हे पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी पळवून, क्लच दाबून इंजिन तत्क्षणी बंद करून आणि प्लग उघडून ठरवले जाते: प्लगचे टोक पांढरे पडलेले दिसले तर जेट लहान, काजळी धरलेले दिसले तर मोठा, विटकरी-तपकिरी दिसले तर बरोबर. पुढच्या ड्रम ब्रेकला नवे लायनर लावून ड्रम लेथवर गोल करून घेतला. इतक्या हलक्या गाडीला तेवढे पुरते.

कायद्याची बाजू डोळ्याआड करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या व नोंदणीपुस्तकात आलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज हा दर्जा पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या वाहनालाच मिळत असल्याने, अशी गाडी कायद्याच्या दृष्टीने कधीच व्हिंटेज ठरणार नाही. सबब ती सार्वजनिक रस्त्यावर न आणता बंदिस्त जागेतच चालवणे उचित होय. चेसिस अखंड ठेवण्यामागे हेही एक कारण होते, कारण जपून ठेवलेले मूळ भाग परत बसवले की गाडी नोंदणीपुस्तकातील रूपात उभी राहते. पुढे लावलेली अंडाकृती पाटी मात्र काळी असून तिच्यावर पांढरा आकडा आहे, कारण त्या काळच्या जागतिक शर्यतींत १२५ सीसी गटाची खूण तीच होती.

परवानगीने वापरलेल्या एका खासगी, सरळ रस्त्यावर या बैठकीची परीक्षा घेता आली. चौथ्या गियरमध्ये ताठ बसले असता इंजिन एका मर्यादेनंतर अडते. तेथेच छाती टाकीला टेकवली की त्याचा आवाज हळूहळू चढत जातो आणि गाडी आणखी पुढे ओढ घेते. मागच्या चेन-स्प्रॉकेटचे दात कमी करावेत की नाही, याचा निर्णयही याच निरीक्षणावर अवलंबून राहिला. दात कमी केले की त्याच फेऱ्यांत चाक अधिक फिरते पण ओढ घटते, आणि वाकून बसलेल्या चालकाला ती घट परवडते. तोच चालक ताठ झाला, की चौथ्या गियरमध्ये गाडी दम सोडते आणि त्याला पुन्हा तिसऱ्यात यावे लागते.