तिसरी खुर्ची

आमच्या घरी रोज रात्री दहाच्या सुमारास एक विमान उड्डाणाच्या तयारीला लागते. प्रथम स्वयंपाकघरातला गॅसचा कॉक पिळून पाहिला जातो. मग नळ, गीझरचे बटण, गॅलरीचे दार आणि शेवटी पुढच्या दाराची कडी. प्रत्येक वस्तूला हात लावायचा, नुसते डोळ्यांनी पाहून भागत नाही. हे सारे आमचे अप्पा करतात. त्यांचे वय आता ८२ आहे, हातात काठीही आली आहे. परंतु ही फेरी कधी चुकलेली मला आठवत नाही. मुले हसतात. "आजोबा, टेक-ऑफ केव्हा?" असे विचारतात. अप्पाही हसतात, आणि कडी पुन्हा एकदा ओढून पाहतात.

अप्पा एअर इंडियात फ्लाइट इंजिनिअर होते. एवढे सांगितले की लोक विचारतात, "म्हणजे पायलट?" नव्हे. "मग जमिनीवर विमानं दुरुस्त करायचे?" तेही नव्हे. मी कॉलेजात मराठी शिकवतो; पण या शब्दाला चांगलासा मराठी प्रतिशब्द काही मला सापडलेला नाही, आणि आता सापडून उपयोगही नाही. प्रवासी विमानांतून तो धंदाच जवळजवळ उठून गेला.

विमानाच्या नाकाशी दोन वैमानिक समोर तोंड करून बसत. त्यांच्या मागे, उजव्या भिंतीकडे तोंड करून, तिसरी खुर्ची असे. भिंतीवर खालपासून वरपर्यंत तबकड्या नि बटणे. चारही इंजिनांची उष्णता, तेलाचा दाब, कोणत्या टाकीत किती इंधन उरले, आतल्या हवेचा दाब, विजेचा पुरवठा, या साऱ्यांवर त्या खुर्चीची नजर. उड्डाणाच्या वेळी ती फिरून पुढच्या दोघांच्या मधोमध येई. एरवी जगाने खिडकीतून ढग पाहावेत आणि अप्पांनी भिंत पाहावी! अर्धी पृथ्वी त्यांनी अशी भिंतीकडे पाहत ओलांडली.

तसे पाहिले तर विमानातली माणसे वाढली आणि पुन्हा कमी झाली, एवढाच हा इतिहास. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्या चिमुकल्या पुस मॉथ विमानात ते एकटे होते. १९५५ साली 'काश्मीर प्रिन्सेस' हाँगकाँगहून निघाले, तेव्हा त्यावर कर्मचारीच आठ होते. बांडुंग परिषदेला निघालेल्या त्या विमानात कुणी घातपाताने बाँब ठेवला होता. ११ एप्रिलला समुद्रावर स्फोट झाला. कॅप्टन जटार यांनी जळते विमान पाण्यावर उतरवण्याची शिकस्त केली. १९ जणांतले तिघेच वाचले. त्यांत सहवैमानिक दीक्षित, दिशादर्शक पाठक आणि इंजिनिअर अनंत कर्णिक. अप्पा तेव्हा बारा वर्षांचे होते. जटार, दीक्षित, कर्णिक ही नावे वर्तमानपत्रांत वाचून आळीतली मुले भारावून गेली होती. बाकीची मुले म्हणत, आपण जटार व्हायचे. अप्पा म्हणत, आपण कर्णिक.

पुढे १९७१ साली जंबो जेट आले. खिडक्यांभोवती रंगवलेल्या महिरपी, वरच्या मजल्यावर दिवाणखाना, साडी नेसलेल्या हवाई सुंदऱ्या, आणि जिकडेतिकडे लवून मुजरा करणारा तो गलेलठ्ठ महाराजा! त्या थाटाच्या गोष्टी लोक अजून रंगवून सांगतात. जंबोतही तिसरी खुर्ची होती. मात्र १९९३ साली त्याची सुधारलेली जात आली, ७४७-४००, आणि तिच्यात दोनच खुर्च्या होत्या. अप्पांची भिंत आता यंत्रच पाहू लागले. अप्पा जुन्या जंबोवर राहिले आणि २००१ साली निवृत्त झाले.

"घर मी निवडणार," असे तेव्हा आईने सांगितले. सारा संसार तिने सांताक्रूझला विमानांच्या घरघरीखाली केला होता. "जिथं विमानाचा आवाज येत नाही अशी जागा हवी," एवढीच तिची अट होती. म्हणून आम्ही बेलपाड्याला आलो. मागे खारघरचा डोंगर, पावसात भाताचा वास, रात्री बेडकांचा गलका. आई सुखावली. आणि मग उलव्याची टेकडी कापून, नदी वळवून, आमच्या शेजारीच विमानतळ झाला! दैव काही आईची पाठ सोडीना.

२५ डिसेंबर २०२५ रोजी तिथून विमाने उडू लागली. अप्पा सकाळीच गच्चीवर जाऊन बसले. स्वेटर घेऊन आईही आली. दक्षिणेकडे एक विमान चढताना दिसले.

"एअरबस. पुढे दोघंच," अप्पा म्हणाले.

"तिसरा हवा होता, असं वाटतं?" मी विचारले.

"छे! आजचं विमान आमच्याहून सुरक्षित आहे. यंत्राला डुलकी लागत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "पण यंत्राला शेजारच्याचा खांदा हलवता येत नाही."

ते कशाविषयी बोलत होते हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री 'एम्परर अशोक' हे जंबो सांताक्रूझहून उडाले आणि दोन मिनिटांच्या आत बांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. विमान किती कलले हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले होते, आणि अंधाऱ्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते. पडण्यापूर्वी काही सेकंद फ्लाइट इंजिनिअरने कॅप्टनला सावध करण्याचा प्रयत्न केला होता.

"पाहिलं होतं रे त्यानं," अप्पा म्हणाले. "सांगितलंही. वेळच उरली नव्हती."

त्या रात्री अप्पाही एका जंबोवर होते. कोणत्या, ते आईला ठाऊक नव्हते. घरी फोन नव्हता, मी तिच्या पोटात होतो. पहाटेपर्यंत ती पाटावर बसून होती. सकाळी अप्पा आले, त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि चहा मागितला. आईने तो केला. यावर घरात पुन्हा कधी बोलणे झाले नाही.

आज मात्र ती बोलली. विमान गेले त्या दिशेला पाहत म्हणाली, "तुमच्यापुढं निदान भिंतभर तबकड्या होत्या. माझ्याकडं एकच घड्याळ होतं."

अप्पा काही बोलले नाहीत.

रात्री नेहमीप्रमाणे गॅस, नळ, गीझर, कडी अशी फेरी झाली. एरवी अप्पा मुकाट्याने जाऊन निजतात. त्या रात्री ते देवघरापाशी थांबले. आई माळ ओढीत बसली होती.

"सगळं ठीक आहे," ते तिला म्हणाले.

पस्तीस वर्षे हा अहवाल त्यांनी कॅप्टनला दिला असेल. आईला तो दिलेला मी प्रथमच ऐकला.

आईने माळ खाली ठेवली. "मग झोपा आता," ती म्हणाली.