आठ मिनिटांची बाही

आमच्या गल्लीत लाइट गेली की मी व्हिडिओ करायला बसते. इचलकरंजीत राहणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमागाचे कारखाने. दिवसपाळी असो, रातपाळी असो, खटखट थांबत नाही. मला ती जाणवतही नाही, सगळं आयुष्य त्या आवाजात गेलं. पण मोबाइलच्या माइकला ती बरोबर ऐकू येते आणि माझं बोलणं तिच्यात बुडून जातं. म्हणून देखभालीसाठी वीज बंद असेल तो दिवस माझा. मोबाइल आदल्या रात्री चार्ज करून ठेवायचा, टेबल खिडकीखाली ओढायचं, खडू, टेप, कात्री मांडायची आणि नऊ ते बारा या वेळात उरकेल तेवढं उरकायचं. बारानंतर खिडकीच्या गजांच्या सावल्या कापडावर येतात आणि खडूची रेघ दिसेनाशी होते.

माझ्या पहिल्या दहा-बारा व्हिडिओंत मात्र मागांचा आवाज अजिबात नाही. ते 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांतले. टाळेबंदीत सगळं गाव बंद होतं. माझा नवरा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. माग बंद म्हणजे त्याचा पगार बंद. लग्नं थांबली आणि माझ्याकडे येणारी ब्लाऊजंही थांबली. दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला आलेली भाची आमच्याकडेच अडकून पडली होती. तिनेच मोबाइल धरला आणि म्हणाली, "मामी, तू क्लासच्या बायकांना सांगतेस ना, तसंच सांग. कॅमेऱ्याकडे बघू नकोस, कापडाकडे बघ." आजही कुणीतरी त्या जुन्या व्हिडिओंखाली लिहून जातं, आवाज किती स्वच्छ आहे म्हणून. मला मात्र ते व्हिडिओ ऐकवत नाहीत. ती शांतता बेकारीची होती.

ब्लाऊज शिवायला शिकवून घरबसल्या पैसे मिळतात, हे तोवर कानावर आलं होतं. मराठीत मधुरा बाचल यांचं रेसिपीचं चॅनेल घराघरांत पोचलेलं होतं. नगरकडच्या सुमन धामणे यांची 'आपली आजी' त्याच वर्षी सगळ्यांच्या बोलण्यात आली. अशी नावं सांगून लोक धीर देतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण लाखोंनी बघितल्या जाणाऱ्या चॅनेलखाली आमच्यासारखी हजारोंची रांग आहे आणि त्या रांगेतला हिशेब वेगळा आहे. तो कुणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते.

नेहमीच्या लांबीचे व्हिडिओ करणाऱ्याला यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर लागतात आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून 4000 तास पाहिलेले असावे लागतात. 2018 पासून हा नियम आहे. त्याआधी एकूण 10,000 व्ह्यूज झाले तरी अर्ज करता यायचा. 4000 तास ऐकायला काही वाटत नाहीत. नवऱ्याने कागदावर मांडून दाखवलं: आठ तासांची पाळी धरली तर 500 पाळ्या. मिनिटं केली तर 2,40,000. एक बाई सरासरी तीन मिनिटं बघते असं धरलं, तर 80,000 वेळा कुणीतरी माझा व्हिडिओ उघडायला हवा. आम्ही दोघं बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो. मला चौदा महिने लागले.

त्यानंतर दहा डॉलर जमले की पत्त्याची खातरजमा करायला गूगलकडून पोस्टाने पिन येतो. आमच्या पोस्टमनकाकांनी ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "बाई, गूगल आता टपालानं पत्रं पाठवतंय?" आत सहा आकडे होते. दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी ते पत्र देवघरातल्या फळीवर ठेवलं. अजून तिथेच आहे. खात्यात 100 डॉलर पुरे झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, पुढच्या महिन्यात जातात. माझे शंभर पुरे व्हायला पुढचा एप्रिल उजाडला. महिन्याच्या 21 ते 26 तारखांच्या दरम्यान पैसे पाठवले जातात. बँकेत परदेशातून रक्कम आली म्हणून बोलावणं आलं. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "कशाचे पैसे आहेत हे?" मी म्हटलं, "ब्लाऊज शिकवते, त्याचे." त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. साडेसात हजारांच्या आसपास रक्कम होती. त्या दिवसापर्यंत माझ्या शिवणकामाचा प्रत्येक पैसा कुठल्या तरी बाईच्या मुठीतून माझ्या हातात आला होता. हा पहिलाच, ज्याच्यामागचा चेहरा मला माहीत नव्हता.

इथूनच माझ्या मनात प्रश्न सुरू झाला. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई 400 रुपये हे माझं आणि गिऱ्हाइकाचं ठरलेलं असतं. तिला पटलं तर ती कापड ठेवते, नाही पटलं तर घेऊन जाते. व्हिडिओत असं कुणाशी काही ठरत नाही. जाहिरातीचे जे येतात त्यातले 55 टक्के मला, हे लिहिलेलं आहे. पण मुळात किती येणार ते बघणारी कुठे राहते, तिच्यासमोर कुठली जाहिरात लागते, सण आहे की नाही, यावर. दिवाळीच्या तोंडावर आकडा चढतो, जानेवारीत उतरतो. न्यू जर्सीतली एखादी मराठी बाई मुलीसाठी परकर-पोलकं शिवायला माझा व्हिडिओ बघते तेव्हा जास्त मिळतात; त्यातले 15 टक्के अमेरिकेचा कर म्हणून कापले जातात, तोही एवढ्यावरच थांबतो, आपल्या देशाशी करार आहे आणि मी वेळेत फॉर्म भरला म्हणून. आमच्या शेजारच्या कबनूरची बाई तोच व्हिडिओ तेवढाच वेळ बघते तेव्हा पैशांत मोजावं असं फारसं काही येत नाही. दोघींच्या बाह्या सारख्याच सुरेख बसतात.

आता त्या आठ मिनिटांची गोष्ट. व्हिडिओ आठ मिनिटांचा असेल तर त्याच्या मध्येही जाहिरात लावता येते. आधी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. जुलै 2020 मध्ये ती आठवर आली. माझा सगळ्यात जास्त बघितला जाणारा व्हिडिओ बाही जोडण्याचा. नवीन शिकणारीची बाही हमखास चुकते, कारण बाहीला पुढची आणि मागची बाजू असते हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. पुढच्या बाजूची गोलाई जरा जास्त खोल असते. हे लक्षात न घेता कापलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. मग मुंढ्यापाशी चुण्या पडतात आणि हात वर केला की ब्लाऊज वर ओढला जातो. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही बाह्या एकमेकींवर सुलट बाजू आत ठेवून कापायच्या, पुढच्या गोलाईला कात्रीची छोटी खाच द्यायची आणि जोडताना खांद्याच्या शिवणीवर बाहीचा मध्य ठेवून तिथून दोन्हीकडे उतरत जायचं. काखेतून सुरुवात करायची नाही. एवढंच. दाखवायला पाच मिनिटं चाळीस सेकंद लागतात.

मी तो व्हिडिओ पुन्हा केला, आठ मिनिटं दहा सेकंदांचा, आणि जुना झाकून ठेवला. सुरुवातीला नमस्कार-चमत्कार, मग आज आपण काय शिकणार, मग ते का शिकणार. खाचेची गोष्ट मुद्दाम सहाव्या मिनिटाला. तसेच आणखी काही व्हिडिओ लांबवले. त्या दोन महिन्यांत माझे शंभरचे एकशे चाळीस डॉलर झाले. घरात पैसे हवेच होते, त्यामुळे आनंद झाला हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही.

मग एक निरोप आला. जत तालुक्यातल्या एका बाईंचा. तिथल्या तिथे टाइप केलेला, मधली अक्षरं सुटलेली. "ताई, कापड गिऱ्हाइकाचं आहे, कात्रीखाली धरलंय. आधीच्या व्हिडिओत लगेच सांगत होता. बाही कुठून सुरू करायची तेवढं सांगा." मी लगेच उत्तर लिहिलं, पण निरोप येऊन तोवर तीन तास झाले होते. त्या कापडाचं काय झालं ते मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं नाही.

मी ज्यांच्याकडे शिवण शिकले त्या बाई आम्हाला म्हणायच्या, "तीन महिन्यांनी तू माझ्याकडे यायची थांबली नाहीस, तर माझं शिकवणं चुकलं म्हणायचं." क्लास सोडून गेलेल्या मुली त्या अभिमानाने बोटांवर मोजून दाखवायच्या. मी आता जिथे शिकवते तिथे पैसे बघणारीला थांबवून ठेवण्याचे आहेत. तिला पटकन कळलं आणि तिने मोबाइल ठेवून मशीन सुरू केलं, तर माझं शिकवणं बरोबर आणि माझी कमाई कमी. कुणी वाईट हेतूने हे केलंय असं मी म्हणत नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या धंद्याला तेच मोजता येतं. पण शिकवणाऱ्याने हे माप स्वतःला लावून घेतलं की त्याची कात्री वाकडी चालायला लागते. माझी चालली होती.

तो लांब व्हिडिओ मी काढून टाकला आणि जुना पुन्हा वर आणला. पाच मिनिटं चाळीस सेकंद, पहिल्याच मिनिटात खाच. कटोरी ब्लाऊज पहिल्या खडूपासून शेवटच्या हुकापर्यंत दाखवायला चाळीस मिनिटं खरोखर लागतात, तिथे ती मी पूर्ण घेते आणि मधल्या जाहिरातीही लावते. किती वेळ लागणार ते कापडाने ठरवावं.

भाची सांगते, "मामी, शॉर्ट्स कर." केले. साटीनवरून कात्री सरकतेय असा वीस सेकंदांचा तुकडा तीन लाख लोकांनी बघितला. त्यातून एकीलाही काही शिकता आलं नसणार आणि पैसेही नावापुरते आले. हिंदीत कर, प्रेक्षक कितीतरी पट मिळेल, असंही सगळे सांगतात. पण मुंढा, काख, चुणी, उसवणं हे शब्द ज्या बायकांच्या तोंडात आहेत त्यांच्यासाठी मी बसले आहे. हिंदीत शिकवणाऱ्या भरपूर आहेत आणि चांगल्याही आहेत. गावाकडच्या ज्या बाईला ते भरभर हिंदी झेपत नाही, तिने कुणाकडे जायचं?

एकदा पैसे लावून खेळायच्या एका अॅपची जाहिरात करण्याबद्दल विचारणा आली. एका व्हिडिओचे मला तीन महिन्यांत मिळतात त्याहून जास्त देत होते. मी नाही म्हटलं. ज्या बायका माझ्या सांगण्यावरून गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावतात, त्यांनी माझ्या सांगण्यावरून त्या अॅपमध्येही पैसे घातले असते. कात्री-टेपच्या एका छोट्या दुकानदाराची जाहिरात मात्र मी घेतली आणि हे पैसे घेऊन सांगते आहे असं सुरुवातीलाच सांगितलं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेने 2021 मध्ये तसा दंडकच घातला आहे. दंडक नसता तरी सांगितलं असतं, कारण समोरून "ताई" म्हणणारीला ते कळायला हवं.

आता दर महिन्याला शंभर डॉलर होतातच असं नाही. नाही झाले तर तो महिना कोरडा जातो. एक व्हिडिओ करायचा म्हणजे त्या दिवशी दोन ब्लाऊजची शिलाई बुडते, हा हिशेब मी दर वेळी करते. गेल्या काही वर्षांच्या व्हिडिओंच्या पैशातून पिको-फॉलचं मशीन घेतलं आणि भाचीच्या कॉलेजची दोन वर्षांची फी भरली. घर मात्र अजून शिलाईवर आणि नवऱ्याच्या पगारावरच चालतं. माझ्याकडे चॅनेल सुरू करायचं म्हणून विचारायला येणाऱ्या मुलींना मी हे आकडे जसेच्या तसे सांगते. हातातलं काम सोडू नका, असंही सांगते. कारण व्हिडिओत दाखवायला तुमच्यापाशी जे आहे, ते त्या कामातूनच आलेलं आहे.

तुम्हीही कुठल्या तरी छोट्या मराठी चॅनेलवरून काही शिकला असाल: बाही असेल, मोटारीचं वायंडिंग असेल, द्राक्षाची छाटणी असेल. काम झाल्यावर त्या माणसाला एक ओळ लिहा, जमलं म्हणून. नाही जमलं तर तेही लिहा, आणि कुठे अडलं ते सांगा. जतच्या त्या बाई हे वाचत असतील तर त्यांनाही माझं हेच सांगणं आहे.