स्नायूंचा आजार आणि आईवरचा आळ



आपल्या निंबर्ग्यात मूल वारंवार पडू लागले की आधी दृष्ट काढतात, मग तेल चोळतात. मात्र चार-पाच वर्षांचा मुलगा सारखा पडत असेल, पायऱ्या चढताना थकत असेल, मांड्यांवर हात टेकून उठत असेल आणि पोटऱ्या तेवढ्या भरदार दिसत असतील, तर तो आळस नव्हे. तो डुशेन नावाचा स्नायुक्षय असू शकतो.

आमच्या परिचयातील एका घरात हेच घडले. नवस झाले, शक्तीची औषधे झाली, बैलजोडी विकली गेली. सुनेला मात्र रोज ऐकावे लागले, "हा रोग तुझ्या माहेरचा!" शेवटी मुलाचे थोडे रक्त तपासणीला गेले.

ही तपासणी पीसीआरची. कोरोनाच्या साथीत हे नाव आपण सर्वांनी ऐकले. १९८३ साली अमेरिकेत कॅरी मुलिस यांना ही युक्ती सुचली. १९९३ साली त्यांना नोबेल मिळाले. डीएनए तापवला की त्याचे दोन धागे सुटतात. थोडा निववून त्यांना जोडीदार धागे विणू द्यायचे. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करत तीस फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक प्रती होतात.

स्नायूंना बळकटी देणाऱ्या डिस्ट्रॉफिनचा जीन म्हणजे ७९ पानांची वही समजा. या आजाराच्या सुमारे तीनपैकी दोन मुलांत त्यातली एक किंवा अधिक पाने गळालेली असतात. गळालेल्या पानाची प्रत निघत नाही. १९८८ साली एकाच नळीत अनेक पाने तपासण्याची रीत प्रसिद्ध झाली. मुंबईत डॉ. सतीश खाडिलकर यांच्यासारख्या मज्जातज्ज्ञांनी भारतीय रुग्णांतील अशा गळतीचा अभ्यास केला आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्येही या आजाराचे निदान होते. मात्र सगळी पाने जागेवर दिसली म्हणून आजार नाही असे होत नाही. एखादे अक्षर चुकलेले असू शकते. त्यासाठी पुढची तपासणी लागते.

त्या मुलाच्या वहीतली पाने गळालेली निघाली. आईचीही तपासणी झाली. स्त्रीकडे या वहीच्या दोन प्रती असल्याने साध्या पीसीआरमध्ये चांगली प्रत दुसरीची उणीव झाकते. म्हणून पानांची मोजदाद करणारी एमएलपीए ही तपासणी करतात. तीत आई वाहक ठरली. घरातले पुन्हा बोलणार, तोच डॉक्टरांनी सांगितले, "हे तिला जन्मतःच मिळाले. कुणी रंग निवडतो का डोळ्यांचा?" सुमारे एक तृतीयांश मुलांत तर आई वाहकही नसते, बदल नव्यानेच घडतो. धाकट्या बहिणीची तपासणी ती मोठी झाल्यावर, तिच्या इच्छेने व्हावी, असेही ठरले.

आजार बरा करणारे औषध आजही नाही. पण निदानाने पैशांची उधळण थांबली, व्यायाम आणि योग्य उपचार सुरू झाले आणि त्या माउलीवरचा आळ गेला.

शाळेचे कामही येथूनच सुरू होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार समाविष्ट आहे. अशा मुलाचा वर्ग तळमजल्यावर असावा, त्याला दप्तराचे ओझे नसावे. आणि मुलांनो, कुणी पडला तर हसू नका; हात द्या.