नखांवरील रंगकाम

दिवाळीच्या सुटींतील एका दुपारीं वामकुक्षी आटोपून आम्ही बाहेरच्या खोलींत आलों, तों जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलें, त्यावर सात-आठ चिमुकल्या बाटल्या, भांडीं घासण्याच्या स्पंजाचा कातरलेला तुकडा, चिकटपट्टी, केसांचा आंकडा, शाई संपलेलें बॉलपेन, आणि या सर्व सरंजामावर ओणवी झालेली आमची पंधरा वर्षांची नात, असा देखावा दृष्टीस पडला. खोलीभर एक ओळखीचा वास दरवळत होता. आयुष्याचीं एकतीस वर्षें आम्हीं पिंपरीकडील एका मोटारींच्या कारखान्यांत, रंगविभागांत, काढलीं. त्यामुळें थिनरचा वास आणि चंदनाचा वास यांत आमचें नाक फारसा भेदभाव करीत नाहीं. आमच्या कुटुंबाचें मत याहून निराळें आहे. तिनें एव्हांना सर्व खिडक्या उघडल्या होत्या, आणि या एका बाबतींत तिचें बरोबर होतें.

"हें काय चाललें आहे?" आम्हीं विचारलें.

"निऑन नेल आर्ट, आबा. ताईच्या संगीताला काळे दिवे लावणार आहेत. त्यांत हीं नखें नुसतीं पेटतील!"

संगीत म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्रीं घरच्या मंडळींनीं सिनेमाच्या गाण्यांवर नाचणें, हा अर्थ आम्हांला अलीकडेच कळला आहे. काळा दिवा म्हणजे काय, हें मात्र ठाऊक होतें. ज्याचा उजेड डोळ्यांस जवळजवळ दिसत नाहीं, असा तो अतिनील किरणांचा दिवा.

बाटल्यांत एक गुलाबी होता, एक नारिंगी, आणि एक असा पिवळसर हिरवा कीं पोपटानेंही मान खालीं घालावी. हा हिरवा आम्ही रोज पाहतों. आमचें ताथवडें २००९ सालीं महापालिकेंत आलें, आणि तेव्हांपासून त्याचें गांवपण मजल्यामजल्यांनीं उंच होत चाललें आहे. गच्चीवरून मुंबई-बेंगळुरू महामार्ग दिसतो. तेथें रस्ता दुरुस्त करणारे मजूर याच रंगाचीं जाकिटें घालतात. मनुष्याचा डोळा दिवसाउजेडीं पिवळसर हिरव्या प्रकाशास सर्वांत अधिक जागा असतो. मजुरानें तो रंग घालावा तो गाडीखालीं येऊं नये म्हणून. आमच्या नातीला तो नखाला लावायचा तो सगळ्या मावस-मामेबहिणींनीं दुरून पाहावा म्हणून.

या रंगांत निऑन मुळींच नसतो, हें सांगण्याचा मोह आम्हांला आवरला नाहीं. निऑन हा हवेंतील एक विरळ वायु. रॅम्से आणि ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनीं तो १८९८ सालीं लंडनमध्यें वेगळा काढला व 'नवा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें बारसें केलें. १९१० सालीं जॉर्ज क्लोद यानें पॅरिसमध्यें त्याच्या नळ्या पेटवून दाखविल्या. त्यांचा प्रकाश तांबडा-नारिंगी. पोपटी निऑनला तो वायु बिचारा जबाबदार नाहीं. बाटलींतल्या रंगांचें पितृत्व कॅलिफोर्नियांतील बॉब व जो स्विट्झर या दोघां भावांकडे जातें. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं असे रंग सिद्ध केले, कीं जे न दिसणारे किरण गिळतात आणि दिसणारे परत देतात. साधा रंग अंगावर पडलेल्या उजेडांतला कांहीं भाग तेवढा परत करतो. हा त्यांत स्वतःची भर घालतो, म्हणून डोळ्यांत भरतो. मात्र उन्हांत हे रंग लवकर विटतात.

"आबा, तें राहूं द्या," नात म्हणाली. "माझ्या नखावर हे पट्टे कां दिसतात, तेवढें सांगा."

येथें आमची विद्या कामास आली. हे रंग अंगानें पातळ. त्यांतून खालचें नख दिसतें. पारदर्शक पहिला हात, त्यावर पांढरा, मग निऑन, आणि शेवटीं चकाकीचा हात, असा क्रम आम्हीं तिला सांगितला. मोटारीला प्रायमर, रंग आणि क्लिअर चढवितात तसेंच हें. नेलपॉलिश हें मोटारीच्या रंगाचें धाकटें भावंडच आहे. पहिल्या महायुद्धानंतर नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग अमेरिकेंत मोटारींस लागूं लागला, आणि थोड्याच वर्षांत तेंच द्रव्य बायकांच्या नखांवर चढलें. मोटारींनीं तें पुढें सोडून दिलें. नखांनीं अजून सोडलेलें नाहीं.

बाकीची विद्या तिची. स्पंजावर गुलाबी, नारिंगी, पिवळा असे तीन पट्टे ओढून तो नखावर हलक्या हातानें टिपला कीं एक रंग दुसऱ्यांत असा विरघळतो, कीं फवारणीचें पिस्तूल हातीं असूनही आम्हांला तसें साधलें नसतें. आंकड्याच्या टोकानें ठिपके, चिकटपट्टी लावून सरळ रेघा. नखाभोंवतीं फेविकॉल लावून ठेवलेला. वाळल्यावर तो सोलला कीं सांडलेला रंगही त्याबरोबर निघून येतो. सर्वांत आम्हांला मोहविलें तें पाण्यानें. वाटींतल्या पाण्यावर एकेक थेंब सोडला कीं त्याचें वर्तुळ पसरतें, त्यांत दुसरें, त्यांत तिसरें. मग काडीनें त्यांत नक्षी ओढावयाची आणि बोट बुडवावयाचें. सतराव्या शतकांत आदिलशाहींतल्या विजापुरांत याच युक्तीनें अबरीच्या कागदावर घोडे आणि फकीर काढीत असत. हें सांगतांच नातीनें प्रथमच मान वर करून आमच्याकडे पाहिलें.

तिसऱ्या दिवशीं कुरिअरनें एक खोकें आलें. त्यांत जेलच्या बाटल्या आणि मुठीएवढा अतिनील दिवा. हें जेल हवेनें वाळत नाहीं. दिव्याखालीं गोठतें आणि आठवडेच्या आठवडे टिकतें. आम्हीं तें खोकें उचलून कपाटावर ठेवून दिलें. कारण न सांगतां ठेवलें, ही आमची चूक. रात्रीं नात जेवावयास आली नाहीं. "आबांना मुलींनीं नटलेलें खपत नाहीं," असें ती आजीजवळ म्हणाल्याचें कानीं आलें, आणि तें आम्हांला लागलें. कारण तें सर्वस्वीं खोटें आहे असें आम्हांला म्हणवेना. तिच्या आत्याच्या लिपस्टिकवर आम्ही एके काळीं पुष्कळ बोललों होतों.

या खेपेस कारण दुसरें होतें. रंगविभागांत आमचा एक सोबती होता; एकाच बूथमध्यें दोघे उभे राहात असूं. दोन घटकांच्या रंगांत जो हार्डनर मिसळतात, त्यांत आयसोसायनेट नांवाचें द्रव्य असतें. त्या दिवसांत मुखवटा म्हणजे नाकावर बांधलेला रुमाल. सहा वर्षें त्याला कांहीं झालें नाहीं. सातव्या वर्षीं फवारा सुरू होतांच त्याची छाती आवळूं लागली; पुढें तर शेजारच्या खोलींत डबा उघडला तरी दम लागे. शरीरानें एखाद्या द्रव्याशीं असें वैर धरलें म्हणजे तें सहसा सुटत नाहीं. त्याला भांडारांत बसविलें, ओव्हरटाइम गेला, आणि पन्नाशीच्या आंत तो गांवीं परतला. आम्हांला कांहींच झालें नाहीं. कां झालें नाहीं, हें आम्हांला आजही सांगतां येणार नाहीं.

जेलमधील ॲक्रिलेट द्रव्यांचा स्वभाव कांहींसा असाच. त्यांतील एकाचें संक्षिप्त नांव 'हेमा'. नांव एखाद्या सालस मुलीचें. परंतु अर्धवट गोठलेलें जेल कातडीस वारंवार लागलें तर बोटें सुजतात, नख सुटूं लागतें, आणि पुढें दांतांत भरावयाचा मसाला किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेंतील सिमेंट याच कुळांतलें असल्यामुळें तेंही न सोसण्याचा संभव असतो. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१८ सालीं या जेलविषयीं, विशेषतः घरगुती संचांविषयीं, इशारा दिला. युरोपांत 'हेमा' असलेलें जेल केवळ व्यावसायिकांनींच वापरावें असा नियम आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं हें सारें नातीस सांगितलें. सोबत्याचें अगोदर सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "मग हें कालच कां नाहीं सांगितलें?" त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. खोकें तिनेंच परत पाठविलें.

कारखान्यांत नवा रंग गाडीवर चढविण्यापूर्वीं पत्र्याच्या एका तुकड्यावर मारून पाहतात; त्याला पॅनेल म्हणतात. संगीताच्या आदल्या दिवशीं नातीला पॅनेल हवें होतें, आणि तें आम्ही झालों. आमच्या उजव्या अंगठ्याच्या नखाचा अर्धा भाग पांढऱ्यावर हिरवा, अर्धा नुसताच हिरवा. आजवर आमच्या नखाला रंग लागला तो मतदानाच्या शाईचाच, आणि ती आम्हीं नेहमीं अभिमानानें मिरविली.

लग्नाच्या गडबडींत नख पुसावयाचें राहून गेलें. त्या आठवड्यांत निवृत्तिवेतनासाठीं हयातीचा दाखला देण्यास आम्ही बॅंकेंत गेलों. एकतीस वर्षें थिनरनें हात धुतल्यानें आमच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या आहेत. यंत्र आम्हांला सहजासहजीं ओळखत नाहीं. काउंटरवरील तरुणीनें नखाकडे पाहिलें, मग आमच्याकडे, मग पुन्हां नखाकडे.

"आजोबा, पांढऱ्यावरचा भाग छान उठला आहे," ती म्हणाली. "अंगठा पुन्हां एकदां ठेवा."