खारे वारे, मतलई वारे

आमच्या भिंगारच्या घरात वारा नपुंसकलिंगी होता. पुस्तकात तो वारा, घरात ते वारं. ‘वारं सुटलं’ अशी वडिलांची हाक आली की आई हातातलं काम टाकून उठायची आणि आम्ही दोघं भावंडं तिच्यामागे खळ्याकडे पळायचो. नागरदेवळ्याच्या शिवारात आमची थोडी जिरायत जमीन होती. रब्बीला मालदांडी ज्वारी. मळणी झाली की बैल सुटायचे, माणसं मोकळी व्हायची, पण ज्वारी भुशातच पडून राहायची. वाऱ्याशिवाय ती बाहेर निघत नसे. कधी दोन दोन दिवस वाट पाहावी लागे. वडील खळ्याच्या कडेला उकिडवे बसून असायचे. मधूनच चिमूटभर भुसा बोटांत घेऊन डोळ्यांसमोर सोडायचे. भुसा सरळ खाली पडला की गप्प बसायचे. तिरका गेला की उठायचे.

मग ते तिवईवर चढत. आई खालून पाटी वर देई. ते पाटी खांद्याच्या वर धरून हलकेच तिरपी करत आणि तिच्यातून एक पट्टा खाली उतरायचा. त्या पट्ट्याकडे मी कितीही वेळ पाहत बसे. वर तो एकच असायचा. कमरेच्या उंचीवर आला की दुभंगायचा. दाणे सरळ त्यांच्या पायाशी, भुसा मात्र वाकडी वाट धरून चार हात पलीकडे. दाण्यांचा आवाज यायचा, भुशाचा येत नसे. वारा कमी झाला की वडील पाटी सरळ करून थांबत, जोरात आला तर ती खाली आणत. पाटीची उंची आणि तिरपेपणा ते वाऱ्याच्या मापाने बदलत होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचं एक ठाम मत होतं. पश्चिमेचं वारं इमानी असतं, एकदा लागलं की दिवस मावळेपर्यंत साथ देतं. पूर्वेचं मध्येच टाकून जातं.

बाहेरच्या माणसाला भिंगार सांगायचं तर लोक दोन गोष्टी सांगतात. १७०७ साली औरंगजेब इथे मेला, आणि इथे लष्कराचे रणगाडे आहेत. दोन्ही खरं आहे. पण माझ्या आठवणीतलं भिंगार म्हणजे वारंच. रणगाडेसुद्धा मला आधी वाऱ्यातूनच कळले. त्या बाजूचा वारा असला की के. के. रेंजवरच्या गोळीबाराचे दणके भांड्यांच्या मांडणीपर्यंत यायचे. आणि आषाढातला वारा! पत्रे वाजवणारा, दोरीवरची लुगडी ओढून नेणारा, दिवसच्या दिवस न थांबणारा आणि तरीही कोरडा. काळे ढग डोक्यावरून पूर्वेकडे जायचे आणि आम्ही माना वर करून पाहत राहायचो. आई म्हणायची, वाटसरू आहेत, थांबणार नाहीत.

ते का थांबत नाहीत हे मी पुढे तीस वर्षं वर्गात शिकवलं. मी भूगोलाची शिक्षिका झाले. समुद्रावरून निघालेला वारा भरल्या हातांनी येतो, सह्याद्री चढताना ते सगळं ओतून टाकतो आणि घाट उतरतो तेव्हा त्याच्यापाशी फारसं काही उरत नाही. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस. आमच्याच जिल्ह्यात, घाटमाथ्यावरच्या अकोले तालुक्यातल्या घाटघरला तो पाच हजारांच्या घरात जातो. आणि नगर-भिंगारला साडेपाचशे-सहाशे झाला तरी वर्ष बरं म्हणायचं. वारा तोच, एकच. फळ्यावर सह्याद्रीचा त्रिकोण काढून मी बाण दाखवत असे. पूर्वेच्या उतारावर बाण आला की आपल्या गावावर ठिपका द्यायचा. मुलं त्या ठिपक्याकडे फार गंभीर होऊन पाहायची.

त्याच विषयातला दुसरा धडा खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांचा. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला हे दोन शब्द पाठ आहेत. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते, मग वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. मी लाल खडूने एक बाण काढायचे, निळ्याने दुसरा. दरवर्षी. समुद्र मी पाहिला होता, गणपतीपुळ्याला देवदर्शन झाल्यावर पाय भिजवण्यापुरता. पण उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत किनाऱ्यावर बसून ते बाण उलटताना कधी पाहिले नव्हते. एकदा एका मुलाने विचारलं, ‘बाई, ते वारं बदलतं तेव्हा मधी काय होतं?’ मी म्हटलं, थोडा वेळ शांत असतं. पुस्तकात तसंच होतं.

निवृत्त झाल्यावर, २०२५च्या फेब्रुवारीत, लेक आणि जावई मला गोव्याला घेऊन गेले. मुक्काम पणजीजवळ, मिरामार आणि दोनापावलाच्या मधल्या करंझाळ्याला. पहिल्या सकाळी मी एकटीच लवकर उठून किनाऱ्यावर गेले. माडांच्या झावळ्या समुद्राकडे झुकल्या होत्या, वारा माझ्या पाठीकडून येत होता. मतलई! मी वाळूत बसले. उन्हं वर आली तसा तो ओसरत गेला आणि दहा-साडेदहाच्या सुमारास पूर्ण पडला. पाणी तेलासारखं झालं. झावळी हलेना. त्या मुलाचा प्रश्न आठवला. मधे काय होतं ते हे. काही क्षण नव्हे, चांगला अर्धा तास. मग दूर पाण्यावर एक काळपट रेघ उमटली, ती सरकत जवळ आली आणि वारा माझ्या तोंडावर आला. ओठांवर मीठ लागलं. मी वाळूची चिमूट उचलून सोडली. ती तिरकी होऊन जमिनीकडे गेली.

दुपारी तिथेच शिडाच्या फळ्या दिसल्या. विंडसर्फिंग. एका लांबरुंद फळीवर उभं राहायचं आणि हातात शीड धरून वाऱ्यावर जायचं. लेकीने स्वतःसाठी शिकवणी ठरवली होती. मी शिकवणाऱ्या मुलाला विचारलं, माझ्या वयाचं कुणी शिकतं का? तो म्हणाला, ‘पोहता येतं?’ येत होतं. विहिरीत शिकले होते, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. ‘मग उद्या तीनला या. सकाळी नको. सकाळचा वारा आत घेऊन जातो.’ माझ्या निळ्या बाणाचा एवढा रोखठोक अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. मतलई वाऱ्यावर नवशिक्याला पाण्यात उतरवत नाहीत, कारण तो किनाऱ्याकडे परत येऊ देत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला अर्धा तास वाळूवरच गेला. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, वारा कुठून येतोय?’ मी वाकून चिमूटभर वाळू उचलली आणि सोडली. तो माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, ‘हे तुम्हाला कोणी शिकवलं?’ मी वडिलांचं नाव घेतलं नाही, घसा भरून आला होता. त्यांनी समुद्र कधी पाहिला नाही. आयुष्यभर ज्या वाऱ्याची वाट पाहत बसले तो कुठून निघतो, ते न पाहताच गेले.

मग त्याने ते यंत्र समजावलं. यंत्रच म्हणते, कारण त्यातली अक्कल मोठी आहे. हजारो वर्षं माणसाने डोलकाठी नावेत घट्ट रोवली आणि दिशेसाठी मागे सुकाणू लावलं. इथे सुकाणूच नाही. डोलकाठी बुडाशी एका लवचिक सांध्यावर उभी, हव्या त्या बाजूला कलणारी. ती पुढे कलवली की फळीचं तोंड वाऱ्यापासून दूर वळतं, मागे कलवली की वाऱ्याकडे येतं. समुद्रापासून दूरच्या पेनसिल्व्हेनियातल्या न्यूमन डार्बी यांनी १९६४ साली अशी हातात शीड धरायची फळी बनवली. कॅलिफोर्नियातले जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी स्वतंत्रपणे तीच वाट शोधली आणि १९६८मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ड्रेक विमानांचे अभियंते होते, आणि शीड हा उभा केलेला विमानाचा पंखच असतो. १९८४च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तो फक्त पुरुषांसाठी. बायकांना त्यात उतरायला १९९२चं बार्सिलोना उजाडलं.

ही आठ वर्षं मी वाचली तेव्हा मला आमचं धाबं आठवलं. संक्रांतीला नगर-भिंगारचं आकाश पतंगांनी भरून जातं. दादा पतंग उडवायचा आणि मी त्याच्यामागे आसारी धरून उभी. ‘ढील दे’ म्हटलं की आसारी सैल सोडायची, ‘गुंडाळ’ म्हटलं की गुंडाळायची. पतंगाचं मंगळसूत्र बांधायला मी त्याच्याआधी शिकले होते. वरचा दोरा बोटभर आखूड ठेवला की पतंग वाऱ्याला नीट तोंड देतो, हे मला माहीत होतं. पण चढलेल्या पतंगाचा दोर कधी माझ्या बोटांत आला नाही. कुणी मुद्दाम नाकारला असंही नाही. मुलींनी आसारी धरायची, एवढंच. तो वर काय ओढतो आहे ते मला आसारीच्या दांड्यातून कळायचं, तेवढ्यावर मी बारा-तेरा संक्रांती काढल्या. त्याची खंत तेव्हा वाटली नव्हती. आता वाटते.

पाण्यात कमरेइतक्या खोलीवर फळी आणली. दाराच्या फळीपेक्षा रुंद, नवशिक्यांची. शीड चारेक चौरस मीटरचं, पाण्यावर आडवं पडलेलं. गुडघ्यांवर चढायचं, डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं आणि दोरीने शीड वर ओढायचं. ओढायचं म्हणजे हातांनी नव्हे. पाठ ताठ ठेवून स्वतःचं वजन मागे सोडायचं. शिडावर पाणी साचलेलं असतं, म्हणून सुरुवातीला ते जराही हलत नाही. मग एका कडेने पाणी निथळायला लागतं, पांढरी झालर पडावी तसं, आणि शीड एकाएकी हलकं होतं. त्या क्षणी आपण अजून जडच ओढत असतो, म्हणून मागे पाण्यात. मी चार वेळा तशीच पडले. पाचव्या वेळी झालर पडताना पाहिली आणि हातातली ओढ तिच्याबरोबर कमी करत गेले. शीड वर आलं, फडफडायला लागलं.

आता पुढचा हात आडव्या दांड्यावर. डोलकाठी अंगाजवळ ओढून घ्यायची. मग मागचा हात. मागच्या हाताने दांडा ओढला की शीड वारा भरतं. भरलं, आणि माझ्यापेक्षा ताकदीचं काहीतरी पलीकडून ओढायला लागलं. मी घट्ट धरून ठेवलं आणि शिडासकट पुढे पडले. पुन्हा तेच. ‘मागचा हात सोडा, मॅडम, मागचा!’ तो ओरडत होता. बुडणारं माणूस हात आवळतं, सोडत नाही. सातव्या की आठव्या खेपेला तो काय सांगतो आहे ते माझ्याच शब्दात मला ऐकू आलं. ढील दे.

वारा चढला तशी मी मागच्या हाताची मूठ सैल केली. दांडा दोन बोटं पुढे गेला, शिडातला जोर उतरला, मी उभीच राहिले. मग हळूच ओढून घेतलं. जोर परत आला. फळीखाली पाणी कुजबुजायला लागलं, मग आवाज वाढला आणि किनाऱ्यावरचे माड एकेक करून मागे सरकू लागले. मी चालले होते. खारा वारा माझ्या दोन तळहातांमध्ये होता. तो श्वास घेत होता. कमी होई, वाढे, आणि मी त्याच्या मापाने ओढत होते, सोडत होते, पाटी वर करावी, खाली करावी तशी. गेले असेन शंभर-सव्वाशे हात. शिकवणाऱ्याने मागून हाक दिली, आता शीड सोडून द्या. मला सोडवेना.

त्या संध्याकाळी तो मुलगा त्याच्या गोव्याच्या खेळाडूंबद्दल अभिमानाने बोलला. डेन आणि कात्या कुएल्हो या भावंडांनी याच खेळात राष्ट्रीय स्पर्धांत पदकं मिळवली आहेत. भाऊ आणि बहीण, दोघांच्याही हातात शीड. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत इबाद अलीला विंडसर्फिंगचं कांस्यपदक मिळालं, आणि त्याच स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. ती शिडं चालवायला शिकली भोपाळला. समुद्राजवळ जन्मलं नाही म्हणून काही अडत नाही, वारं सगळीकडे असतं. हे मी वर्गात सांगायला हवं होतं. खडूचे बाण काढून झाल्यावर मुलांना धाब्यावर नेऊन प्रत्येकीच्या हातात एकदा दोर द्यायला हवा होता. तीस वर्षांत तेवढं माझ्याकडून राहिलं.

भिंगारला परतले त्या दिवशी रात्र झाली होती. आई जागी होती. पंच्याऐंशी पार केलेली, कमी दिसतं, म्हणून माणसाला हात लावून ओळखते. माझा हात हातात घेतला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. बोटांच्या मुळाशी चार-चार फोड आले होते, दोन फुटलेले.

‘पाट्या उचलल्या का काय?’ तिने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. फळी, शीड, मागचा हात. ती शांतपणे ऐकत होती. समुद्र केवढा असतो ते तिने विचारलं नाही. खोबरेल तेलाची बाटली चाचपत जवळ ओढली, दोन थेंब माझ्या तळव्यावर टाकले आणि चोळताना म्हणाली,

‘वारं कुठलं होतं?’

‘पश्चिमेचं.’

‘मग बरं,’ ती म्हणाली, आणि दुसरा हात मागितला.